बादलचं डावं शिंग

केनवडात शालिग्रामचं नाव काढा, लोक आधी बैलांच्या शिंगांबद्दल बोलतील आणि मग माणसाबद्दल. पोळा तोंडावर आला की त्याच्या अंगणातल्या बाभळीखाली बैलांची रांग लागायची. शिंगं साळणं हे काही मोठं शास्त्र नव्हे. पातं चालवायचं, कानशीनं घासायचं, फुटक्या काचेनं गुळगुळीत करायचं आणि वर रंग द्यायचा. गावातला कुणीही शेतकरी हे करतो. पण दोन्ही शिंगं एकमेकांना शोभली पाहिजेत आणि बैलानं मान हलवली तरी पातं आत जाता कामा नये, हे शालिग्रामलाच जमायचं. याचा त्याला गर्व होता, आणि तो चांगला मणभर होता. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, बाभळीखालची रांग आखूड झाली. गर्व काही आखूड झाला नाही.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कुणीही त्याला वाईट ठरवेल. कुणाची गाय अडली की ताटावरून उठून जाणारा. बायकोला, प्रयागबाईला, उभ्या जन्मात उलटून न बोललेला. ती बोलायची ती गोष्ट वेगळी. लबाडी त्याच्या अंगात नव्हती. पण अंगात नसलेली वस्तू माणूस अडीनडीला शेजारून मागून आणतोच की.

शालिग्रामकडं बैल एकच, लाल्या. गावाच्या दुसऱ्या टोकाला, बुद्धविहाराच्या मागं राहणाऱ्या दौलतरावाकडंही एकच, बादल. एका बैलानं शेती होत नाही, म्हणून दोघांनी सावड केली होती: दोन घरचे दोन बैल, मिळून एक जोडी, आधी एकाचं वावर आणि मग दुसऱ्याचं. अशा सावडी पुष्कळ जण करतात आणि दोन हंगामांत मोडतात. 'आधी कुणाचं वावर' एवढ्या प्रश्नावर सख्खे भाऊ एकमेकांच्या दारात पाय ठेवत नाहीत. ही सावड टिकली ती दौलतरावामुळं. दर हंगामाला तो म्हणायचा, "तुह्या वावरात पह्यले होऊ दे गा. माहं वावर कुठी पळून चाल्लं?" आणि शालिग्राम लाजल्यासारखं करून पहिली पाळी घ्यायचा. त्यात त्याला काही चुकीचं वाटत नव्हतं. दौलतरावही मनात काही ठेवायचा नाही. भरवसा टाकला की टाकला, असा तो गडी.

लाल्याची शिंगं उपजत देखणी, चंद्रकोरीसारखी. बादल अंगानं उजवा, कामाला दांडगा, पण त्याचं डावं शिंग किंचित आत वळलेलं. जोडी जुंपली की तेवढंच शालिग्रामच्या डोळ्यात खुपायचं. मग दर पोळ्याला तो ते शिंग जास्तच साळायचा, एका अंगानं पातळ करत करत सरळ दिसेल असं आणायचा. दौलतराव हसायचा. "राहू दे ना बाप्पा, बैल हाय. नवरदेव थोडाच हाय?" पण हौसेला मोल नसतं आणि हौशी माणसाला कान नसतात. गेल्या पोळ्याला त्यानं ते इतकं साळलं की पात्याला किंचित ओल लागली, तांबूस. शालिग्रामनं ती अंगठ्यानं पुसली आणि वरून लाल रंगाचा जाड हात दिला. तोरणाखाली जोडी उभी राहिली तेव्हा गावानं वाहवा केली, कुणीतरी काढलेला फोटो रिसोडपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. ओल तो विसरून गेला.

ती आठवली यंदाच्या पेरणीत. तिफण चालू होती, आणि बादल मधूनच मान झटकायचा. माशी बसल्यावर झटकतो तशी, पण माशी कुठं नव्हती. धुऱ्यावर सोडला की बांधावरच्या निंबाला डावं शिंग घासत उभा राहायचा. एकदा दौलतराव पाणी आणायला गेलेला असताना शालिग्रामनं शिंगाच्या बुडाशी तळवा ठेवला. बूड गरम लागलं. त्यानं थोडं दाबून पाहिलं, तर शिंग हललं. फार नाही, पण हललं. आणि डाव्या नाकपुडीतून पाण्यासारखं काही गळत होतं, त्यात रक्ताचा बारीक दोरा होता.

शालिग्रामनं हे आधी दुसऱ्यांच्या गोठ्यांत पाहिलं होतं. शिंगाचा कॅन्सर. शिंग आतून पोखरतं, वाकतं, गळून पडतं, जखमेत किडे होतात आणि एवढं मोठं जनावर काही महिन्यांत उभ्या जागी वाळून जातं. दौलतरावाला हे ठाऊक नव्हतं. त्याच्या घरी असा बैल कधी झाला नव्हता. आणि शिंगांकडं बघायचं काम त्यानं कधीचंच मित्रावर सोपवून दिलं होतं.

दौलतराव पाण्याची कळशी घेऊन आला. शालिग्रामनं तोंड उघडलंही. पण त्याच्या तोंडून निघालं ते, "आण, पानी दे. लई उकडून राह्यलं."

का नाही सांगितलं? पहिलं कारण सोयाबीन. पेरणीमागून डवरणी येते. पिकाच्या ओळींमधलं गवत बैलांच्या डवऱ्यानंच निघतं, उभ्या पिकात ट्रॅक्टर काय घालणार? बादल आजारी म्हटलं की घरी बांधला जाणार. एकट्या लाल्याला जुवाखाली घालून काय आरती ओवाळायची? आणि डवरणीच्या दिवसांत दुसऱ्याची जोडी मागायला जाणं म्हणजे लग्नघरी नवरी मागण्यासारखं. गवत तर कुणासाठी थांबत नाही. तेव्हा एक डवरणी होऊ दे, मग सांगू, असं त्यानं ठरवलं.

दुसरं कारण त्यानं स्वतःशीसुद्धा मोठ्यानं उच्चारलं नाही. लोक म्हणतील, शालिग्रामच्या पात्यानं झालं. बाभळीखाली एक बैल फिरकणार नाही. आणि दौलत म्हणेल, मी नको म्हणत होतो ना गा? या शेवटच्या वाक्याची त्याला सगळ्यात जास्त भीती वाटायची.

एक डवरणी झाली, दुसरी आली. सांगायला रोज सकाळ होती, आणि रोज सकाळी काही ना काही काम निघायचं. एकदा गप्प बसलं की दुसऱ्या दिवशी सांगणं दुप्पट अवघड होतं, कारण मग कालच्या गप्प बसण्याचंही कारण द्यावं लागतं. शालिग्राम आता पहाटेच दौलतरावाच्या गोठ्यातून बादलला सोडून न्यायचा, स्वतःच जुंपायचा आणि अंधार पडल्यावर परत नेऊन बांधायचा. बादलला तो अशा बाजूला घ्यायचा की डावं शिंग दौलतरावाच्या नजरेआड राहील. दौलतराव वावरात पोचायच्या आत ओल्या फडक्यानं बादलची नाकपुडी पुसून काढायचा. शिंगाच्या बुडाशी हळद आणि तेल चोपडायचा. दौलतरावानं विचारलं तर म्हणायचा, "जू घासून राह्यलं, म्हनून लावलं." दौलतराव म्हणायचा, "तू हाय म्हनून बैलं सुखात हाय."

मग शालिग्राम बादलच्या मानेवरून नुसता हात फिरवत राहायचा. त्याचं पाप त्याला खायला उठलं होतं, आणि तो ते बादलला खाऊ घालून फेडायला बघत होता. लाल्याच्या वाट्याची पेंड बादलपुढं ठेवायचा, गुळाचे खडे लपवून न्यायचा. प्रयागबाईच्या ते ध्यानात आलं. "काहून हो, लाल्या काय सावत्र हाय का?" तिनं विचारलं. तो तिच्यावर खेकसला. उभ्या जन्मात पहिल्यांदा. ती बघतच राहिली, आणि त्या दिवसापासून तिनं विचारणं सोडलं. त्यामुळं त्याला आणखीनच वाईट वाटलं.

पोळा आला. दौलतराव बादलला घेऊन बाभळीखाली आला, हसत. "घे गा, तुह्या नवरदेवाले सजव."

"यंदा साळत नाही," शालिग्राम खाली बघत म्हणाला. "नुसता रंग देऊ."

"काहून? दर साली तूच तं मांगं लागते. थांब, मी धरतो." आणि दौलतरावानं बैल हलू नये म्हणून डावं शिंग मुठीत घट्ट धरलं.

शिंग त्याच्या मुठीत कलंडलं. बादल हंबरला नाही, कण्हला. नाकपुडीतून रक्त आलं, या वेळी दोरा नव्हता, धार होती. दौलतरावानं चटका बसल्यासारखा हात काढला. आपल्याच ओढण्यानं झालं असं वाटून त्याचा चेहरा उतरला.

"शालिग्राम, हे काय होय गा?"

देव, नशीब किंवा आणखी कुणी माणसाला इतकी सरळ संधी फार वेळा देत नाही. शालिग्राम म्हणाला, "मले बी आत्ताच दिसून राह्यलं."

तोवर तो फक्त गप्प होता. त्या वाक्यानं तो खोटा झाला.

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉ. वैजयंती पोळ्याची सुट्टी असून आल्या. तरुण बाई, हात मात्र जुन्या माणसासारखे थंड डोक्यानं चालणारे. त्यांनी शिंग पाहिलं, नाकपुडी पाहिली, जबड्याखाली चाचपलं, तिथं हाताला गाठ लागली. "मान कधीपासून झटकतो हा?"

"मले तं दिसलं नाही जी," दौलतराव म्हणाला.

"पेरणीच्या सुमारास कळलं असतं तर बरंच सोपं होतं. आता शिंग मुळापासून काढावं लागेल. काढूनही परत येऊ शकतं, हे आधीच सांगते."

दौलतरावाची बायको वच्छला तोवर धावत आली होती. तिनं सगळं ऐकलं आणि तिचा तोल गेला. "रोज वैरन टाकता, रोज पानी पाजता, अन् जनावराचं शिंग ढिलं झालेलं दिसलं नाही? डोये हाय का खोबन्या? भाऊजीच्या बाभळीखाली आनला म्हनून तं कळलं!"

दौलतराव मान घालून उभा राहिला. शालिग्राम दोन हातांवर होता, आणि त्याला वाटत होतं, भुई दुभंगावी. भुई कुणाच्या सोयीनं दुभंगत नाही.

गावात सजलेले बैल तोरणाकडं निघाले होते, डफडं वाजत होतं, आणि बाभळीखाली बादलला दोरानं आडवा पाडला होता. डॉक्टरीणबाईंनी बधिर करायचं इंजेक्शन दिलं, तारेच्या करवतीनं शिंग मुळाशी कापलं. शालिग्रामनं बैलाचं डोकं मांडीवर धरलं होतं. शिंग निघालं तसं आतलं दिसलं: फुलकोबीच्या गड्ड्यासारखं, मऊ, रक्ताळलेलं. त्याला वास होता. शालिग्रामनं पात्यानं वरून इतक्या वर्षांत जे गुळगुळीत केलं त्याच्या आत हे होतं.

जखम शिवून झाल्यावर बाईंनी त्या गड्ड्याचा एक तुकडा कापून बाटलीत घातला, आणि बाटली बर्फाच्या डब्यात ठेवली.

"हे कायले पाह्यजे जी?" शालिग्रामनं विचारलं.

"याचंच औषध करून आणायचं. आणि त्याच्याच अंगात टोचायचं."

दौलतराव दचकला. "जे काढलं तेच परत आत?"

"जिवंत नाही हो, मारून, गाळून. जुनी रीत आहे, आमच्या सरांनी दाखवलेली. कधी लागू पडते, कधी नाही." बाई हात धुता धुता बोलत होत्या. "असं बघा. अंगात राखणदार पेशी असतात, रक्तातून फिरत असतात. बाहेरचा जंतू आला की धरतात. आणि घरातलीच एखादी पेशी बिघडून भलतीच वाढायला लागली, तर बरेचदा तीही त्यांच्या ध्यानात येते. त्या तिला तिथल्या तिथं संपवतात. आपल्याला पत्तासुद्धा लागत नाही. असं तुमच्या-माझ्या अंगातही होतच असतं."

"मंग याच्या अंगात काहून नाही झालं?"

"कारण ही गाठ बाहेरची नाही. घरचीच आहे, घरचेच कपडे घालून बसलेली. राखणदाराला संशय येतो, जवळही जातो, पण आपलाच माणूस म्हणून हात उचलत नाही. आणि गाठही कमी नसते, त्याला गप्प बसवायच्या युक्त्या करते. तो गप्प बसला की ती वाढायला मोकळी. जनावर कामानं थकलेलं असेल तर ही राखण आणखी ढिली पडते. म्हणून तिचाच अर्क करून मांडीत टोचायचा. नव्या जागी ती दिसली की राखणदार दचकून जागा होतो, कधी कधी. मग कापताना माझ्या नजरेतून जे सुटलं असेल, ते तो शोधून मारतो."

दौलतराव समजून मान हलवत होता. शालिग्रामच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. बाई बैलाच्या रक्ताबद्दल बोलत होत्या. त्याला वाटत होतं, भर अंगणात आपलीच गोष्ट चाललीय. संशय आला, जवळ गेला, हात ठेवून पाहिला, आणि गप्प बसला. वर त्याच बैलाला दोन डवरण्या ओढायला लावल्या.

बाई निघाल्या तेव्हा तो त्यांच्या गाडीपर्यंत गेला. "बाई, एक विचारू? हे शिंग साळल्यानं होते का?"

"साळणं, रंग, जुवाची घासण, ऊन, वय... सगळ्यांकडं बोट दाखवतात. साळू नका, असं मी सांगेनच. पण एकट्या पात्यानं झालं असं कुणी छातीवर हात ठेवून म्हणू शकणार नाही." मग त्यांना वाटलं की म्हातारा बिचारा मनाला लावून घेतोय, म्हणून त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "तुम्ही नका वाईट वाटून घेऊ, काका. घात उशिरानं केला."

त्या दिलासा द्यायला गेल्या आणि नेमकं दुखतं तिथंच बोट पडलं. ज्या आरोपाला भिऊन त्यानं तोंड शिवून घेतलं होतं, तो आरोप टिकणाराच नव्हता. गुन्हा होता तो फक्त तोंड शिवून घेण्याचा.

इंजेक्शनं सुरू झाली. बाई दर काही दिवसांनी येत, शालिग्राम बैलाचं डोकं धरी. जखम सुकत आली. बादल वैरण खायला लागला, नाक कोरडं राहायला लागलं. बादल सुधारत होता तसा दौलतराव खचत होता. तो आता सगळ्याच गोष्टी दोन-दोनदा बघायचा. दाराची कडी लावून परत बघायचा, बकरीचे खूर उचलून बघायचा, ज्वारीच्या कणसात अळी आहे का म्हणून एकेक कणीस हातात घेऊन उभा राहायचा आणि तरी म्हणायचा, "मले काही दिसत नाही." वाशिमला जाऊन त्यानं डोळे तपासून घेतले. तिथं सांगितलं, नजर चांगली आहे. त्यानं तो आणखीनच घाबरला. डोळे चांगले असून दिसत नाही, म्हणजे माणसातच खोट.

एके दिवशी वच्छला शालिग्रामच्या घरी आली. रागाच्या भरात बोलली ते तिलाच आता टोचत होतं. "भाऊजी, तुमी समजवा त्यायले. धड जेवत नाही. म्हन्ते, मुक्या जनावराले मी मारत होतो. मी बोलली बाप्पा, चुकलं माहं. पन माहं ऐकत नाही. तुमचं ऐकतीन."

शालिग्राम गेला. दौलतराव गोठ्याच्या चौकटीला टेकून बसला होता, बादलच्या शिंगाच्या सुकल्या खोडाकडं बघत.

"दौलत, तुहा दोष नाही गा यात," शालिग्राम म्हणाला. इतकं खरं वाक्य इतक्या खोटेपणानं त्या गोठ्यात कधी कुणी बोललं नसेल.

"तू माह्यासाठी बोलून राह्यला," दौलतराव म्हणाला. "तू चांगला मानूस हाय." आणि त्यानं शालिग्रामच्या हातावर हात ठेवला.

शालिग्राम घरी आला तो सरळ अंथरुणावर पडला. सांगायचंच ठरवून गेला होता. पण त्या हातावरच्या हातानं त्याची जीभ पुन्हा टाळ्याला चिकटली. प्रयागबाईनं जेवायला हाक मारली, त्यानं भूक नाही म्हटलं. खरं तर त्याला भूक होती. आपण जेवण्याच्या लायकीचे नाही, असं त्याला वाटलं.

सोयाबीन निघालं. शालिग्रामच्या घरी पोती चांगली आली, वावर स्वच्छ राहिलं होतं ना! त्या पोत्यांकडं पाठ करून तो बसायचा. मग बाई शेवटचं बघायला आल्या. खोड दाबलं, जबड्याखाली चाचपलं, नाकात बत्ती मारली. पहिल्या दिवशी जबड्याखाली हाताला लागलेली गाठ आता लागत नव्हती. बाई हसल्या. "पक्कं सांगता येत नाही, आणखी वर्षभर बघावं लागेल. पण राखणदार जागा झालेला दिसतोय."

बैलाच्या मांसाला, रक्ताला जे जमलं ते आपल्याला जमू नये, याची शालिग्रामला इतकी लाज वाटली की तो बाईंना चहाही विचारायचा विसरला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारची गोष्ट. शालिग्राम बाभळीखाली दावं वळत बसला होता. दौलतराव बादलला घेऊन आला. बादल एका शिंगाचा, मान थोडी उजवीकडं कललेली, वजनाचा तोल अजून न सापडलेला. दौलतरावानं कासरा शालिग्रामपुढं केला.

"धर."

"कुठी चाल्ला तू?"

"कुठीच नाही. हा आता तुह्याकडं राहू दे. कायमचा." दौलतराव जमिनीकडं बघत बोलत होता, पाठ करून आणल्यासारखं. "डॉक्टरीनबाई म्हने वरीसभर लक्ष ठेवा. माह्यानं होत नाही गा. माह्या डोयाचा भरवसा नाही मले. परत वाढलं अन् परत मले नाही दिसलं, तं? तुह्या नजरेखाली राह्यला तं जगते हा. वच्छलाले बी पटलं. मी आता शेती दुसऱ्याले मक्त्यानं देऊन टाकतो, बैलाचं काम बंद."

त्यानं कासरा शालिग्रामच्या हातात ठेवला आणि त्याची बोटं त्यावर मिटवली.

बैल हातात आला, मित्राची शेती बंद पडली, आणि मित्र जन्मभर स्वतःला आंधळा समजून जगणार. एक गप्प बसणं वाढून वाढून एवढं झालं होतं. 

"दौलत. मले दिसलं होतं."

"तेच म्हन्तो ना मी. तुले दिसते."

"तसं नाही." त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "पोळ्याच्या आधी. पेरनीतच. मी शिंगाले हात लावून पाह्यला होता. हललं होतं."

दौलतरावानं मान वर केली.  शालिग्रामला वाटलं, आता हा मारेल. मारलं तर बरं होईल.

"नाकातून रगत येत होतं?"

"येत होतं. तू यायच्या आंधी मी पुसून टाकत होतो."

दौलतराव मटकन बाभळीच्या बुडाशी बसला. त्याचे डोळे भरून आले, आणि तो जे बोलला ते शालिग्रामनं कधीच कल्पिलं नव्हतं.

"म्हंजे मी आंधया नव्हतो," तो म्हणाला. "मले दिसलं नाही, कारन तू दिसू देलं नाही." आणि त्यानं असा श्वास सोडला, जणू पोळ्यापासून तो छातीत कोंडून ठेवला होता. शालिग्रामला त्याच्या चेहऱ्यावरची ती सुटका बघवेना. शिवी सोसली असती.

मग हळूहळू सुटका ओसरली आणि राग यायच्या जागी नुसतं न कळणं आलं. "काहून गा?"

शालिग्रामनं सगळं सांगितलं. सोयाबीन गवतात गेलं असतं, हे सांगितलं. मागल्या पोळ्याला पात्याला ओल लागली होती, हेही सांगितलं. "वाटलं, लोकं म्हनतीन, शालिग्रामच्या पात्यानं झालं. अन् तू म्हनशीन, नको म्हनत होतो ना मी."

घराच्या दारात प्रयागबाई येऊन उभी राहिली होती. तिनं ऐकलं होतं. ती पदर तोंडाशी नेऊन तशीच उभी राहिली.

दौलतराव उठला. धोतराची माती झटकली. शालिग्रामच्या मुठीतून त्यानं कासरा काढून घेतला; हिसकावला नाही, एकेक बोट उघडून काढून घेतला.

"मी नसतं म्हनलं गा," तो म्हणाला. "तुले नसतं म्हनलं."

तो बादलला घेऊन निघाला. विहाराकडं जाणाऱ्या वळणावर बादल थांबला आणि मागं वळून लाल्याची वाट बघत उभा राहिला, इतकी वर्षं दोघं त्या वाटेनं जोडीनंच जात होते म्हणून. गोठ्यातून लाल्या हंबरला. दौलतरावानं मागं न बघता कासरा ओढला. बादलनं एकदा मान हलवली आणि तो त्याच्या मागं चालायला लागला.